बागेत किती बांधायचे?

उद्यानाच्या पुनर्विकासाचे काम नगरपरिषदेकडून आले की त्यासोबतची मागण्यांची यादी बहुधा ठरलेली असते. सांस्कृतिक भवन, अँफी थिएटर, अभ्यासिका, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, ओपन जिम, मुलांची खेळणी, रंगीत कारंजे आणि गेल्या काही वर्षांत न चुकता सेल्फी पॉइंट. यातली शेवटची दोन सोडली तर बाकी मागण्यांना नावे ठेवण्यासारखे काही नाही. गावात नाटकाला जागा नसते, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला शांत खोली नसते, महिला मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम शाळेच्या वर्गात बाके सरकवून होतो. विकास आराखड्यात सभागृहासाठी आरक्षण पडलेले असते, पण ती जागा वर्षानुवर्षे ताब्यात येत नाही. नगरपरिषदेच्या नावावर असलेली, कोर्टकचेरी नसलेली आणि गावाच्या मध्यावर असलेली जमीन बहुधा एकच असते, ती म्हणजे बाग. म्हणून गावाच्या सगळ्या उणिवा भरून काढायचे ओझे तिच्या दोन-तीन एकरांवर येऊन पडते. अशा आराखड्यांवर काम करताना माझे एक मत हळूहळू पक्के झाले आहे. उघड्या जमिनीला जे जमत नाही तेवढेच बागेत बांधावे. जे तिला जमते ते तिच्यावरच सोडावे, आणि ज्याला खरोखर मोठे छप्पर लागते ते बागेच्या शेजारी न्यावे, तिच्या पोटात घालू नये. ऐकायला हे साधे वाटते. नकाशा टेबलावर पसरला की मात्र प्रत्येक रेघेवर वाद होतो.

उघड्या जमिनीला काय काय जमते, याचा आपल्याला विसर पडला आहे असे वाटते. मराठी मुलखातले बरेचसे सांस्कृतिक जीवन छपराशिवायच वाढले. गावचा पार, देवळापुढचे पटांगण, तमाशाचा फड, कोकणातल्या देवळांच्या आवारातले दशावतार यांपैकी कशालाही वास्तुविशारद लागला नव्हता. मुंबईच्या शिवाजी पार्कचे उदाहरण तर सगळ्यांच्या ओळखीचे आहे. 1925 मध्ये माहीम पार्क म्हणून लोकांसाठी खुले झालेले आणि 1927 मध्ये शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त नवे नाव मिळालेले हे मैदान. त्याच्या कडेने जिमखाना, व्यायाममंदिर, नाना-नानी पार्क असे बरेच काही आहे. पण तिथली सर्वांत जास्त वापरली जाणारी सोय कोणती असे विचारले, तर मी कट्ट्याचे नाव घेईन. बसता येईल एवढ्या उंचीची ती एक सलग भिंत आहे. तिचे आरक्षण करावे लागत नाही, तिला भाडे नाही, आणि एकाच संध्याकाळी तिच्यावर निवृत्त शिक्षक, क्रिकेट शिकणाऱ्या मुलांचे आईबाप आणि नाटकाची तालीम आटोपून आलेले नट शेजारी शेजारी बसतात. त्याच मैदानाची दुसरी बाजूही बघायला हवी. तिथल्या लाल मातीची धूळ घराघरांत जाते ही रहिवाशांची तक्रार जुनी आहे. याचा अर्थ मोकळी जागा म्हणजे काहीच न करणे, असा नाही. मातीचा थर कोणता, पाणी कधी मारायचे, हिरवळ कुठे आणि मुरूम कुठे, हे सगळे आराखड्याचेच काम आहे. ते छायाचित्रात दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो रंगकर्मींकडून, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. गंभीर नाटकाला अंधार लागतो, विंग लागते, नटाचे कुजबुजणे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारी भिंत लागते. झाडाखालच्या चौथऱ्यावर ते होत नाही. प्रश्न नाट्यगृह हवे की नको हा नाहीच. ते कुठे हवे हा आहे. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर 1968 मध्ये उघडले. संभाजी उद्यान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण दोघांच्या जागा वेगळ्या, फाटके वेगळी, वेळा वेगळ्या. ठाण्याचे गडकरी रंगायतन मासुंदा तलावाच्या काठाला आहे. मध्यंतरात बाहेर आलेल्या प्रेक्षकाला तलावावरचा वारा मिळतो आणि तलावावर फिरायला आलेल्याला नाटकाची पाटी दिसते. भायखळ्याच्या राणीबागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तेही स्वतःच्या दारासह. ही शेजारधर्माची उदाहरणे आहेत. पणजीत कांपाल इथे चार्ल्स कोरिया यांनी कला अकादमीची वास्तू याहून एक पाऊल पुढे नेली. इमारत बसकी ठेवली आणि रस्त्याकडून मांडवीच्या काठापर्यंत तिच्यातूनच वाट काढली, म्हणजे तिकीट न काढणारा माणूसही तिच्यातून चालत जाऊ शकतो. त्याच कला अकादमीचा अलीकडचा इतिहास मात्र दुसरा धडा देतो. दुरुस्तीसाठी ती 2021 पासून बंद राहिली, जुलै 2023 मध्ये काम चालू असतानाच खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले, आणि तेवढा काळ गोव्यातल्या कलाकारांना जागा शोधत हिंडावे लागले. इमारत म्हटली की ती कधीतरी बंद होतेच. ती बागेच्या मधोमध असेल तर बंद पडताना बागही सोबत घेऊन जाते, कारण पत्रे ठोकलेल्या कुंपणाभोवती कोणी मुलांना खेळायला आणत नाही.

मधोमध सभागृह घातले की जमिनीचे काय होते याचा हिशेब करून बघावा. समजा बाग दोन एकरांची आहे, म्हणजे सुमारे आठ हजार चौरस मीटर. तीनशे खुर्च्यांचे साधे सभागृह, त्याचे दालन, रंगपटाच्या खोल्या आणि स्वच्छतागृहे मिळून आठशे चौरस मीटर धरले तर ते दहा टक्के होतात, आणि सर्वसाधारण सभेत हाच आकडा सांगितला जातो. पण अग्निशमनाची गाडी इमारतीला वळसा घालू शकेल असा रस्ता हवा, वाहनतळ हवा, विजेचे रोहित्र हवे, मांडववाल्याचा टेम्पो आत यायला मोठे फाटक हवे. हे सगळे धरले की पाव बागेहून अधिक जमीन कठीण होते. त्यातले नुकसान जमिनीच्या वर कमी आणि खाली जास्त असते. मोठ्या झाडाची अन्नपाणी घेणारी मुळे बहुतांशी वरच्या दोन फुटांच्या मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. रस्त्यासाठी तेवढेच खोदले जाते. राज्याच्या 1975 च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेसुद्धा तोडण्यातच धरले आहे, पण प्रत्यक्षात वृक्ष प्राधिकरणापुढे फक्त बुंध्यांची मोजणी जाते. तुटलेल्या मुळांचा पंचनामा कोणी करत नाही. झाड लगेच पडत नाही. ते दोन-तीन पावसाळे तग धरते, मग शेंडा वाळतो, आणि एका वादळात आडवे होते. तोवर लोकार्पणाची कोनशिला जुनी झालेली असते आणि झाड पडण्याचा संबंध कोणी बांधकामाशी जोडत नाही. पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवण्याची सवय हा याचाच धाकटा भाऊ. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात झाडाभोवतीचे एक मीटर काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्याकडच्या अंदाजपत्रकांत ते मीटरभर अंतर आजही भांडून घ्यावे लागते, कारण ब्लॉकचे मोजमाप चौरस मीटरवर होते आणि मातीचे बिल निघत नाही.

मग पैशांचा मुद्दा येतो. सभागृहाचे भाडे मिळेल, त्यातून बागेचा खर्च निघेल, असे सांगितले जाते. कागदावर हे पटते. पण भाडे देऊ शकतो कोण, तर लग्नवाला. हौशी नाट्यसंस्था, भजनी मंडळ, चित्रकलेचे वर्ग यांना ते दर झेपत नाहीत, आणि सवलतीचा दर ठेवला की उत्पन्नाचा मूळ युक्तिवादच कोसळतो. लग्नसराईत जनरेटर, आचाऱ्याची भट्टी, वरातीचा बँड हे सगळे नेमके संध्याकाळी येते, म्हणजे बागेत सर्वाधिक माणसे असतात त्याच वेळी. शिवाय इमारतीचे स्वतःचे पोट असते. गच्चीची गळती, वातानुकूलन, रंगकाम, वीजबिल, रखवालदार. इथे निधीच्या रचनेकडे पाहिले पाहिजे. नगरोत्थानसारख्या राज्य योजना किंवा केंद्राची अमृत योजना नवे काम उभे करायला पैसा देतात. अमृतमध्ये तर उद्याने आणि हरित जागांसाठी अडीच टक्क्यांपर्यंतचा वेगळा वाटा होता. पण माळ्याचा पगार, पाण्याची मोटर आणि तुटलेल्या झोपाळ्याची साखळी हे नगरपरिषदेला स्वतःच्या उत्पन्नातून करावे लागते, आणि छोट्या गावात ते उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी. त्यामुळे इमारत मिळवणे सोपे आणि सांभाळणे अवघड अशी उलटी गणिते तयार होतात. पहिली रेघ मारण्याआधी दहा वर्षांच्या देखभालीचा एक पानी हिशेब मागावा, असे मी सुचवत असतो. ते पान क्वचितच मिळते.

मग बागेत बांधायचे तरी काय? माझ्या मते सर्वांत आधी स्वच्छतागृह, आणि तेही आतल्या कोपऱ्यात न ठेवता फाटकाजवळ, दिसेल असे. सार्वजनिक जागेत बाई किती वेळ थांबू शकते हे बाकांच्या संख्येपेक्षा यावर ठरते. त्यानंतर रंगमंच, पण चौथरा या अर्थाने. प्रचलित अँफी थिएटर हे आपल्या हवामानात बहुतेक वेळा फसलेले प्रकरण आहे. दगडी पायऱ्यांची अर्धवर्तुळाकार वाटी दुपारभर तापते आणि संध्याकाळी कार्यक्रमाच्या वेळी ती ऊब बसणाऱ्याला परत देते. पावसाळ्यात तिच्या तळाची मोरी पाल्याने तुंबते आणि डबके होते. त्यापेक्षा कंबरेपेक्षा कमी उंचीचा चौथरा आणि त्याच्यासमोर हलक्या उताराची हिरवळ जास्त कामाची, कारण कार्यक्रम नसेल तेव्हा त्या उतारावर मुले लोळतात आणि चौथऱ्यावर सकाळी योगासने होतात. उतार असा हवा की मावळतीचे ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत येणार नाही; म्हणजे त्यांनी पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून बसायचे. सावलीसाठी पर्जन्यवृक्ष आधीच असेल तर तो सोन्यासारखा, कारण त्याची पाने दिवस मावळताना मिटतात आणि दिवसा सावली देणारे झाड रात्री आभाळ मोकळे करते. नवीन लावायचे तर बकुळ लावावा. सदाहरित आणि दाट. गुलमोहर दिसायला कितीही देखणा असला तरी गर्दी बसते तिथे नको, त्याची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ. चौथऱ्याच्या मागे दोन छोट्या खोल्या: एक कपडे बदलायला, दुसरी सतरंज्या, खुर्च्या, माइक ठेवायला. आणि जमिनीखालून आणलेली थ्री-फेजची कायम जोडणी, कुलूपबंद पेटीत. ही शेवटची गोष्ट यादीत कुणीच लिहीत नाही. पण जनरेटर भाड्याने आणावा लागला की छोट्या संस्थेच्या खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो आणि कीर्तनकाराचा आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडतो. वीज, पाणी, साठवण आणि शौचालय एवढे दिले की कार्यक्रम लोक स्वतः करतात. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीला भरणारे पुष्पप्रदर्शन त्याच जातीचे आहे. तिथे बागच प्रदर्शनाचा विषय होते आणि वेगळ्या भव्य दालनाची गरज भासत नाही.

यावर हमखास विचारले जाते, पावसाळ्याचे काय? चार महिने चौथरा ओस पडणार हे खरेच. पण मराठी सांस्कृतिक वर्षाची बांधणी बघितली तर दसऱ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा मोठा हंगाम कोरडा असतो. व्याख्यानमाला, दिवाळी पहाट, एकांकिका, वार्षिक संमेलने, जत्रा यांतले बहुतेक त्याच काळात येतात. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेच्या तर नावातच ऋतू आहे, आणि ती 1875 पासून चालत आली आहे. अडचण गणेशोत्सवाची, आणि कोकणाची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मी माझ्याच नियमाला मुरड घालीन आणि बागेच्या कडेला, जिथे आधीच फरशी आहे त्या जागी, भिंती नसलेले कौलारू छप्पर उभे करीन. भिंती नसणे महत्त्वाचे आहे. भिंत आली की दार येते, दार आले की कुलूप येते, आणि कुलूप आले की किल्ली कुणाकडे यावर गावात दोन गट पडतात. बागेतल्या किती बंद खोल्यांचा इतिहास या एका किल्लीभोवती फिरतो, याची नोंद कुठल्याही अहवालात नसते.

सुरक्षिततेचा आक्षेप जास्त नाजूक आहे. मोकळी जागा म्हणजे टवाळखोरांना आमंत्रण, त्यापेक्षा बंदिस्त सभागृह बरे, असे पालक म्हणतात तेव्हा त्यांच्या काळजीत खोट नसते. पण बागेतले भीतीदायक कोपरे तयार होतात कुठे, हे नीट पाहिले तर ते बहुधा इमारतीच्या पाठीमागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला आणि उंच कुंपणभिंतीच्या कडेला सापडतात. आरपार दिसणाऱ्या जाळीच्या कुंपणाने आणि डोळ्यांच्या उंचीला झुडपे न ठेवल्याने जे साधते ते चार हायमास्ट दिव्यांनी साधत नाही. हायमास्टच्या झगझगाटात झाडाखालचा अंधार उलट गडद होतो. आणि इथेच मी एका बंद इमारतीच्या बाजूने उभा राहतो: अभ्यासिका. छोट्या गावांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली पहाटेपासून रात्री दहापर्यंत तिथे असतात. तिचा आकार लहान, खर्च कमी, आवाज शून्य, आणि तिच्या खिडक्यांतला उजेड संध्याकाळनंतर बागेवर नजर ठेवतो. उघड्या जमिनीला अभ्यास करवून घेणे जमत नाही, म्हणून ती माझ्या नियमात बसते. तिला आणि चौथऱ्याला एकमेकांपासून शक्य तितके लांब ठेवायचे, एवढे पथ्य पाळायचे. आवाजाबाबत नियम स्पष्ट आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. शिवाजी पार्कला मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये शांतता क्षेत्रात धरले, ते शेजारच्या घरांची सहनशक्ती संपल्यावरच. दोन अजस्र स्पीकरच्या भिंतींऐवजी श्रोत्यांच्या जवळ बरेच छोटे कर्णे लावले तर कुंपणाबाहेर जाणारा आवाज पुष्कळ कमी होतो. ध्वनियोजना करणाऱ्याला हे ठाऊक असते, त्याला आराखड्याच्या वेळी कोणी विचारत नाही.

या सगळ्याला जतनवादी हट्ट म्हणून बाजूला सारता येते, म्हणून एक खुलासा. बागेचे रूप बदलू नये असे मी म्हणत नाही. पुण्याची सारसबाग मुळात तळे होती. पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी ते बांधले, मधल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात 1784 मध्ये गणपती बसला, आणि विसाव्या शतकात तळ्याचे पाणी जाऊन बाग आली. शेजारच्या पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला हलवले गेले, आणि 1956 पासूनची मुलांची आगगाडी, फुलराणी, मात्र राहिली. वापर बदलला, जमीन उघडीच राहिली, हे दोन्हींत समान आहे. जमीन एकदा छपराखाली गेली की ती परत येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 1991 मध्ये बेंगळुरूच्या एका प्रकरणात, उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला देणे रद्द ठरवताना मोकळी जागा ही स्वतःच सार्वजनिक गरज आहे हे अधोरेखित केले होते. रुग्णालयासारखे निकडीचे काम जिथे पुरेसे कारण ठरले नाही, तिथे लग्नाच्या सभागृहाने अधिक हक्क सांगावा, हे जरा धाडसाचेच. गावात दुसरी जागाच नाही हे उत्तर मला दर वेळी मिळते. त्यातले निम्मे खरे असते. उरलेले निम्मे नगरपरिषदेच्याच मालमत्ता नोंदवहीत असते: पटसंख्या घसरल्याने ओस पडलेली शाळेची इमारत, भाडेकरू सोडून गेलेले व्यापारी संकुल, जुने जकात नाके. त्यांचे नूतनीकरण करण्यात भूमिपूजनाचा नारळ फुटत नाही, ही अडचण मला समजते आणि तिला माझ्याकडे तोडगा नाही.

तसा तो वेळापत्रकालाही नाही. कामाचा आदेश बहुधा निवडणुकीच्या आचारसंहितेआधी घाईने निघतो आणि लोकार्पण पुढच्या निवडणुकीआधी हवे असते. तेवढ्या काळात सभागृह उभे राहते, बकुळ खांद्याएवढाही होत नाही. म्हणून निविदेत एक कलम घालून घेण्यावर मी अडून बसतो: लागवडीचे शेवटचे देयक तीन पावसाळे संपल्यावर, जगलेली झाडे मोजून. ठेकेदार दर वाढवून मागतो, लेखापाल विचारतो की देयक इतकी वर्षे कुठल्या शीर्षाखाली अडकवून ठेवायचे, आणि बैठकीचा बराच वेळ त्यावरच जातो. कलम टिकले तर चौथ्या उन्हाळ्यात उतारावर सावली पडू लागते, आणि चौथऱ्यासमोर मांडव न घालता दुपारी चारला बालनाट्याची तालीम सुरू करता येते.